लॅपटॉप आणि डेस्कटॉपवरच्या फाइली जुळवताना तारखेवर विसंबू नका

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात डिचोलीला घरी डेस्कटॉप आहे, फोंड्याला शाळेत नेण्यासाठी लॅपटॉप आहे, दोन्हींवर विंडोज ११. प्रश्नपत्रिका, निकालाच्या एक्सेल शीट आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तुम्ही बसवत असलेल्या नाटकाची संहिता व पार्श्वसंगीत, एवढं सगळं पेन ड्राइव्हवरून ने-आण होतं. गेल्या आठवड्यात ‘रिप्लेस’ दाबलं आणि तालमीत सुधारलेला दुसरा अंक जुन्या प्रतीखाली गेला. गुगल ड्राइव्ह तालमीच्या व्हिडिओंनी भरली आहे आणि पावसात घरचं नेट कधी जाईल त्याचा नेम नाही. आता यावर कायमचा उपाय काय, हे तुम्हाला हवं आहे.

उपायाआधी गेलेल्या अंकाचं बघू, कारण त्याला वेळेचं बंधन आहे. ज्या पेन ड्राइव्हवरून ती फाइल आली-गेली, तो आत्तापासून बाजूला ठेवा. त्यावर नवीन काहीही टाकू नका. फाइल बदलली किंवा पुसली गेली तरी तिचा मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा तसाच असतो. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ मोफत मिळतं, पण ते कमांड लिहून चालवावं लागतं. शाळेच्या संगणक प्रयोगशाळेतल्या कुणाची मदत घ्या. लॅपटॉपच्या एसएसडीवरून, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवरून, मात्र अशी फाइल परत मिळण्याची आशा फार धरू नका, कारण मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करत असते. वर्डमध्ये फाइल मेनूतल्या माहितीच्या पानावर ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आहे, तिथे न सेव्ह केलेल्या प्रती दिसतात का तेही पाहा. आणि हे सगळं करण्याआधी कलाकारांना विचारा. तालमीच्या वेळी कुणाला तरी व्हॉट्सॲपवर तो अंक पाठवलेला असतो, आणि हरवलेल्या संहिता बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

आता मूळ प्रश्न. माझा सल्ला असा: दोन्ही संगणकांवर सिंकथिंग हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घाला, कामाचा एकच फोल्डर त्यातून जोडा, जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय दोन्हीकडे चालू करा, आणि याशिवाय बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेत राहा. हेच का, दुसरं का नको, हे कळलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा पेन ड्राइव्हकडे वळाल. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दोन ठिकाणच्या फाइली जुळवणं म्हणजे इकडून तिकडे कॉपी करणं, असं वाटतं. कॉपी करणं सोपं आहे. कुठली फाइल कुठे कॉपी करायची हे ठरवणं अवघड आहे. समजा, एका कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, हिशेब दोन भाऊ दोन वह्यांत ठेवतात. आज दोन्ही वह्या समोर ठेवल्या तर थोरल्याच्या वहीत सुपारीची एक नोंद आहे, धाकट्याच्या वहीत ती नाही. थोरल्याने ती नव्याने लिहिली की धाकट्याने ती चुकीची म्हणून खोडली? नुसत्या दोन वह्या पाहून हे सांगता येत नाही. मागच्या भेटीत दोघांनी जुळवून ठेवलेली प्रत हातात असेल तरच सांगता येतं. फाइलींचंही नेमकं तेच. लॅपटॉपवर एक फाइल आहे, डेस्कटॉपवर नाही; ती तिकडे न्यायची की इकडून पुसायची, हे ठरवायला मागच्या जुळणीची आठवण लागते. पेन ड्राइव्ह घेऊन बसलेल्या माणसाला ती आठवण स्वतःच्या डोक्यात ठेवावी लागते. दिवसभर शाळा, संध्याकाळी तालीम, आणि रात्री अकराला ‘रिप्लेस’ की ‘स्किप’ हा प्रश्न. त्या घटकेला कुणाचंही डोकं असं काही लक्षात ठेवायला तयार नसतं. तुमचा अंक गेला तो निष्काळजीपणामुळे गेला असं मला अजिबात वाटत नाही. ती पद्धतच तशी आहे.

यावर सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे ‘तारीख बघा, नवी ती खरी’. माझा सगळा विरोध याच वाक्याला आहे.

आपल्याकडे तारीख किती प्रकारे खोटी ठरते ते बघा. पहिला प्रकार सर्वांत साधा: तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी स्वतःलाच मेल केलेली संहिता आज डाउनलोड केली, तर डाउनलोड झालेल्या फाइलवर आजची तारीख पडते. आतला मजकूर तीन आठवडे जुना, वरची तारीख सर्वांत नवी. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाइलीचंही तेच. तारखेवर चालणारा माणूस असो वा सॉफ्टवेअर, तो हीच फाइल खरी मानून कालचं काम पुसणार.

दुसरा प्रकार खास आपल्या पावसाळ्याचा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ ही रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी असते; वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती काही वर्षांनी संपते, पण भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत ते कळत नाही, कारण संगणक बंद असला तरी पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. मग जून येतो. गडगडाट सुरू झाला की आपण सगळे प्लग काढतो, आणि काढलेच पाहिजेत. पुन्हा लावलं की घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. नेट असेल तर विंडोज ते दुरुस्त करून घेऊ शकतं, पण त्याच पावसात नेटही गेलेलं असतं. अशा अवस्थेत डेस्कटॉपवर सेव्ह केलेल्या प्रत्येक फाइलीवर जुनी तारीख चढते. एका वकिलांच्या कार्यालयात मी हे पाहिलं आहे: त्या दिवशी टाइप केलेला दावा तारखेने आठ वर्षांपूर्वीचा दिसत होता. सुदैवाने तो अजून कशाखाली गेला नव्हता. तुमच्या डेस्कटॉपची ती बॅटरी आधी बदलून घ्या. स्वस्त असते आणि पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा प्रकार पेन ड्राइव्हचा. बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यात फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदवली जाते, तर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर ती सेकंदाच्या कितीतरी बारीक भागापर्यंत असते. म्हणजे जशीच्या तशी कॉपी केलेली फाइलसुद्धा मूळ फाइलीपेक्षा एखाद-दुसऱ्या सेकंदाने नवी किंवा जुनी दिसू शकते. शिवाय ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट ३२ वर बसतच नाही. तालमीचा सलग व्हिडिओ कॉपी होत नाही तो यामुळे.

आणि कुणाच्या संगणकावर विंडोजबरोबर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणालीही असेल तर घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे उडतं. विंडोज मदरबोर्डचं घड्याळ भारतीय वेळेचं धरतं, लिनक्स ते जागतिक वेळेचं धरतं, म्हणून हा फरक. तुम्हाला हे लागू नाही, पण शाळेतल्या प्रयोगशाळेत दोन्ही असतील तर तिथल्या शिक्षकांना सांगून ठेवा.

म्हणून साधन निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: याला मागची जुळणी आठवते का? विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ नावाची सोय याच कामासाठी आली होती. पुढे ती मागे पडली आणि विंडोज १० मधून गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पीअर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेलं युनिसन हे सॉफ्टवेअर मागच्या जुळणीची नोंद दोन्ही संगणकांवर जपून ठेवतं आणि त्यावरूनच ठरवतं की बदल कुठल्या बाजूला झाला. याउलट आरसिंक, जे १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलं, ते फाइलीतला फक्त बदललेला भाग पाठवण्यात अतिशय हुशार आहे, पण ते एकाच दिशेने चालतं. विंडोजमधलं रोबोकॉपीही तसंच. कुणी तुम्हाला रोबोकॉपीची ‘मिरर’वाली आज्ञा बॅच फाइलीत, म्हणजे एका क्लिकवर चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत, लिहून देऊ केली तर घेऊ नका. ती दुसऱ्या बाजूला जे जास्तीचं दिसेल ते पुसून टाकते. बॅकअपसाठी ती ठीक. दोन्हीकडे काम करणाऱ्यासाठी ती पेन ड्राइव्हपेक्षाही घातक आहे.

क्लाउडबद्दलही, म्हणजे नेटवरच्या साठवणीबद्दलही, सांगितलं पाहिजे, कारण तो उपाय वाईट मुळीच नाही. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या तिघांनाही मागची जुळणी आठवते. तुमचं काम फक्त प्रश्नपत्रिका आणि निकालांचं असतं तर मी म्हटलं असतं, वनड्राइव्हची मोफत ५ जीबी जागा पुष्कळ झाली. गुगलची १५ जीबी जीमेल आणि फोटोंसह मिळून असते, म्हणून ती तालमीच्या व्हिडिओंनी इतक्या लवकर भरली. पण तुमच्याकडे संगीताच्या मोठ्या फाइली आहेत आणि नेटचा भरवसा नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर असलेल्या दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायला समुद्रापलीकडच्या सर्व्हरवर जाऊन परत यायचं, हे मला आपल्या परिस्थितीत पटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वनड्राइव्हमध्ये फाइलीपुढे ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती फाइल तुमच्या संगणकावर नसते, फक्त तिचं नाव असतं. नेट गेलं की ती उघडत नाही. परीक्षेच्या सकाळी हे कळू नये. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं की ती खरोखर उतरते. तसंच गुगल डॉक्समध्ये लिहिलेला मजकूर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलीसारखा दिसतो, पण ती फक्त दुव्याची चिठ्ठी असते. ती पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर मजकूर कॉपी होत नाही.

सिंकथिंग वेगळं चालतं. ते २०१३ पासून आहे. मधे कुठलाही साठवणारा सर्व्हर नसतो, दोन संगणक थेट एकमेकांशी बोलतात, आणि दोघे घरच्या एकाच वाय-फायवर असले तर बाहेरचं नेट बंद असतानाही त्यांचं काम चालू राहतं. आपल्या जुलै-ऑगस्टसाठी मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फक्त राउटरला वीज हवी. त्याच्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन ठेवा. आणि मुख्य म्हणजे, कोण पुढे आहे हे सिंकथिंग तारखेवरून ठरवत नाही. प्रत्येक फाइलीमागे कुठल्या संगणकाने ती कितव्यांदा बदलली याचा आकडा ते ठेवतं. डेस्कटॉपचं घड्याळ आठ वर्षं मागे गेलं तरी तो आकडा मागे जात नाही.

बसवताना हा क्रम ठेवा. सर्वांत आधी दोन्ही संगणकांवरच्या कामाच्या फाइलींची एक-एक पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून बाजूला ठेवा. काहीही बिघडलं तर तिथून परत येता येईल. मग डेस्कटॉपवर डी ड्राइव्हमध्ये ‘काम’ नावाचा नवा फोल्डर करा आणि त्यात खरी, ताजी प्रत नीट लावून घ्या. हे हाताने, डोळ्यांनी, दिवसाउजेडी करायचं काम आहे. लॅपटॉपवर त्याच नावाचा रिकामा फोल्डर करा. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर जोडू नका: विंडोज ११ बऱ्याचदा तो आधीच वनड्राइव्हला जोडून मोकळं होतं, आणि एकाच फोल्डरवर दोन सिंक (आपोआप जुळणी करणारी साधनं) चालवले तर ते एकमेकांचे बदल परत परत उलटवत बसतात.

सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोजवर सोप्या रीतीने बसवायचे दुवेही तिथेच आहेत. ते चालू झालं की त्याचं पान ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर उघडतं. घाबरू नका, हा पत्ता तुमच्याच संगणकाचा आहे, बाहेरचं कुणी तो पाहत नाही. प्रत्येक संगणकाला ५६ अक्षरांची ओळख मिळते, सात-सात अक्षरांच्या आठ गटांत. एकाची ओळख दुसऱ्याला दिली आणि दोघांनी होकार दिला तरच जोडणी होते. ज्याच्याकडे ती नाही त्याला तुमच्या प्रश्नपत्रिका मिळणार नाहीत. वाटेतला सगळा मजकूरही कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो.

दोघे एकमेकांना दिसत नाहीत अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. त्याची कारणं बहुधा दोनच. एक, विंडोजने घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ समजून दार लावून घेतलेलं असतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा. दोन, लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असतो, जिथे एका उपकरणाला दुसरं मुद्दाम दिसू दिलं जात नाही.

पहिली जुळणी केबलने करा. आपल्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून वाय-फाय जेमतेम पोहोचतं. समजा २० जीबी न्यायचं आहे. भिंतीपलीकडच्या वाय-फायवर सेकंदाला ३ एमबी मिळाले तर जवळजवळ दोन तास लागतील. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे असले आणि दोन्ही संगणक केबलने जोडले तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे साडेतीन-चार मिनिटं. डेस्कटॉपची हार्ड डिस्क जुनी असेल तर त्याहून थोडं जास्त. एकदा हे झालं की रोजचे बदल वाय-फायवर सहज जातात.

फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ आहे. तिथे ‘स्टॅगर्ड’ निवडा, आणि दोन्ही संगणकांवर निवडा. हे दोन्हीकडे का, ते समजून घ्या. सिंकथिंग जुनी आवृत्ती राखतं ती दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या बदलामुळे जी फाइल जाणार असते तिची. तुम्ही लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने फाइल बिघडवली तर लॅपटॉपवर तिची जुनी प्रत मिळणार नाही. ती डेस्कटॉपवर मिळेल, कारण तिथे तो बदल बाहेरून आला. ‘स्टॅगर्ड’ पद्धतीत पहिल्या दिवसापर्यंत तासाला एक, पहिल्या तीस दिवसांपर्यंत दिवसाला एक आणि त्यापुढे वर्षभर आठवड्याला एक, अशा आवृत्त्या टिकतात. ही सोय असती तर तुमचा दुसरा अंक डेस्कटॉपवर पहुडलेला सापडला असता. मुळात ही सोय बंद असते, आपणहून चालू करावी लागते. हे वाचून एवढी एक गोष्ट केलीत तरी मला समाधान आहे.

आता रोजची सवय. घरी आलात की लॅपटॉप आधी चालू करा, डेस्कटॉप चालू करा, आणि दोन्हीकडे ‘अप टू डेट’ असं हिरव्या रंगात दिसेपर्यंत एकही फाइल उघडू नका. सकाळी निघताना वर्ड बंद करा, हिरवं दिसू द्या, मगच लॅपटॉपचं झाकण मिटा. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि अर्धवट राहिलेला बदल तसाच अडकून राहतो. घरी कायम चालू राहणारं तिसरं यंत्र ठेवावं, रास्पबेरी पायसारखा एखादा छोटा संगणक वगैरे, असं काही जण सांगतील. एकटं माणूस दोन संगणकांवर आळीपाळीने काम करत असेल तर त्याची गरज नाही. नवरा-बायको किंवा दोन भागीदार एकाच वेळी काम करत असतील तर मात्र जरूर ठेवावं.

कधीतरी ही सवय मोडणारच, आणि दोन्हीकडे तीच फाइल वेगवेगळी बदललेली असणार. तेव्हा काय होतं ते जवळून दाखवतो. समजा लॅपटॉपवर तुम्ही ‘अंक दुसरा’ सुधारला, जुळणी न होताच घरी डेस्कटॉपवर त्याच फाइलीत प्रकाशयोजनेच्या सूचना लिहिल्या. पुढच्या भेटीत सिंकथिंगला आकड्यांवरून कळतं की दोघांनीही एकमेकांचं न पाहता बदल केला आहे. ते कुणाचंच पुसत नाही. ज्या प्रतीची तारीख नवी तिला मूळ नाव राहतं, आणि दुसरी प्रत शेजारीच राहते. तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, मग तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या संगणकाच्या ओळखीची अक्षरं जोडलेली असतात. इथे तारीख वापरली जाते, पण फक्त नाव कुणाला द्यायचं यासाठी. मजकूर दोन्ही राहतात. अशी फाइल दिसली की कचरा समजून पुसू नका. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘कंपेअर’ आहे, तिथे दोन्ही प्रती दिल्या की फरक ओळीओळीने रंगवून दिसतो, हवा तो स्वीकारत जा. एखादा अंक जुळवायला थोडा वेळ लागेल, पण दोन्हीतला एकही संवाद जाणार नाही. महिन्यातून एकदा फोल्डरमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द शोधून पाहा.

फाइलींच्या नावांबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती इंग्रजी सूचनांमध्ये सापडत नाही. ‘दुसऱ्या अंकाचे बदल’ असं नाव तुम्ही दोन कीबोर्डांवर टाइप केलंत तर पडद्यावर ते सारखं दिसेल, पण संगणकासाठी ती दोन वेगळी नावं असू शकतात. त्या अर्ध्या ‘ऱ’मुळे हे होतं. एका पद्धतीत नुक्त्याचा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द मी इथे त्या दोन पद्धतींनी लिहिले आहेत. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसत आहेत आणि विंडोज तक्रारही करत नाही, असं झालं तर आधी ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्ह’ शोधा. मी शाळांना सांगतो की दोन्ही संगणकांवर कीबोर्ड एकच ठेवा. आणि फाइलीच्या नावात हे अक्षर टाळता आलं तर टाळा, ‘अंक २ बदल’ म्हणा.

नावाच्या लांबीचंही तसंच. विंडोजला २५५ अक्षरांपर्यंतचं नाव चालतं. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीतलं एकेक अक्षर, मात्रा, हलन्त प्रत्येकी तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हांतच जागा संपते. परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलीला नाव म्हणून देण्याची आपल्या कार्यालयांतली सवय विंडोजवर खपून जाते. तुम्ही उद्या लिनक्सवर चालणारी एखादी साठवणपेटी घेतलीत की तीच फाइल जुळणीत अडकते. विसर्गाच्या जागी टाइप केलेला दोनबिंदू, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ ही चिन्हं विंडोज नावात घेत नाही, तीही टाळलेली बरी.

काही गोष्टी या फोल्डरमध्ये घालूच नयेत. टॅलीचा चालू डेटा, आउटलुकची मेलची फाइल, कुठलाही डेटाबेस: प्रोग्राम चालू असताना त्यांच्या आतल्या अनेक फाइली एकाच वेळी बदलत असतात आणि सिंक त्यातल्या अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या उचलतं. देवस्थानांचे हिशेब ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो: टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि ती बॅकअपची फाइल या फोल्डरमध्ये ठेवा. वर्ड फाइल उघडी असताना शेजारी ‘~$’ ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल तयार होते. ती दुर्लक्ष करायच्या यादीत घाला. तालमीचे व्हिडिओही बाहेरच ठेवा. ते बदलत नाहीत, त्यांना जुळणी लागत नाही, बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आणि आणखी कुठेतरी एक एवढं पुरे.

आता प्रश्नपत्रिका. त्या दोन ठिकाणी राहणार म्हणजे चोरीला जाण्याच्या जागाही दोन झाल्या, आणि लॅपटॉप रोज कदंबच्या बसमधून प्रवास करतो. लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध करून घ्या. विंडोज ११ होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बऱ्याच लॅपटॉपवर असतं, प्रोमध्ये बिटलॉकर. चालू असेल तर तिची परत मिळवण्याची किल्ली कागदावर लिहून घरी ठेवा. ती हरवली तर तुमच्याच फाइली तुम्हाला कुणीही उघडून देऊ शकत नाही.

काही कारणाने सिंकथिंग नकोच असेल, किंवा शाळेच्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसेल, तर पेन ड्राइव्हवरही हे नीट करता येतं. फ्रीफाइलसिंक वापरा, त्यात ‘टू वे’ निवडा. ते प्रत्येक बाजूला एका लपलेल्या फाइलीत मागची जुळणी लिहून ठेवतं, म्हणून लॅपटॉप ते पेन ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्ह ते डेस्कटॉप अशा दोन उड्यांतही त्याला गोंधळ होत नाही. ‘कंपेअर’ केल्यावर कुठली फाइल कुठे जाणार ते बाणांनी दिसतं. दोन्हीकडे बदललेल्या फाइलीपुढे ते स्वतः निर्णय न घेता तुम्हाला विचारतं. पेन ड्राइव्ह मात्र फॅट ३२ ऐवजी एनटीएफएसने फॉरमॅट करा, आणि तो आधी सांगितलेला, अंक असलेला पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नका.

राहिला बॅकअप. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरीही त्यांच्यातले काही जण वर्षभराने फोल्डर रिकामा झाल्याचं सांगत येतात. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसला तर सिंक इमानेइतबारे तो डेस्कटॉपवरही पुसतं. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर कुलूपबंद फाइलीही तितक्याच तत्परतेने पलीकडे जातात. जुन्या आवृत्त्या त्यातून काही वेळा वाचवतात, पण त्या त्याच संगणकावर असतात, आणि वीज पडून डेस्कटॉपच गेला तर त्याही गेल्या. म्हणून दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक घरी कपाटात, फक्त रविवारी बॅकअपपुरती जोडायची आणि काढून ठेवायची. दुसरी दुसऱ्या घरात, माहेरी किंवा बहिणीकडे. चवथीला, दिवाळीला जाल तेव्हा दोघींची अदलाबदल करा. डिस्कबरोबर हवाबंद डब्यात सिलिकाची पुडी ठेवा, आपल्या दमट हवेत कनेक्टर लवकर गंजतात.

बॅकअप घेतला की लगेच एक काम करा. ती डिस्क लॅपटॉपला लावा, त्यातला दुसरा अंक उघडा, शेवटच्या पानापर्यंत खाली जा आणि तालमीत घातलेला अगदी अलीकडचा संवाद तिथे आहे का पाहा. तो दिसला तरच बॅकअप झाला असं समजा.